राजा दीनदयाळ : मुसीकाठचा काचेचा दरबार

जामबागेत जिथे पूर्वी फुलांचा मोठा बाजार भरत असे, तिथून पुतळीबावडी, गौलीगुडा करत खाली चालत गेले की वीस-पंचवीस मिनिटांत मुसी लागते. पलीकडे हायकोर्टाचे घुमट आणि त्यामागे चारमिनारचा रस्ता. आपल्यापैकी बहुतेकांनी नयापूल शेकडो वेळा ओलांडला असेल, पण नदीच्या पात्रात उतरून खालून वर त्याच्याकडे कुणी पाहिले असेल असे वाटत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुसीच्या काठाने हेच करत हिंडत. तिपाई रोवायची, कॅमेऱ्यावर काळे कापड टाकायचे, त्यात डोके खुपसायचे आणि पुलाचा खांब काचेवर काटकोनात उतरतो की नाही ते तपासायचे. ते लाला दीनदयाळ, पुढचे राजा बहादूर मुसव्विर जंग.

हैदराबादेत त्यांचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. निजामाचा फोटोग्राफर, फलकनुमाचे फोटो, वाघाची शिकार, हिऱ्यामोत्यांनी मढलेले नवाब, एवढ्यावर ओळख थांबते. त्यांचे मूळ शिक्षण अभियंत्याचे होते आणि त्यांची पहिली कर्मभूमी मराठी संस्थान होते, हे फारसे सांगितले जात नाही. माझ्या मते त्यांच्या फोटोंची किल्ली तिथेच आहे. म्हणून हा लेख थोडा इंदूरकडून सुरू करतो.

दीनदयाळांचा जन्म 1844 सालचा, मीरतजवळच्या सरधन्याचा. घराणे जैन, धंदा जवाहिराचा. बारीक नजर घरातूनच आली म्हणायला हरकत नाही. पण मुलगा पेढीवर बसला नाही. त्याने रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेतले. गंगेच्या कालव्याच्या कामासाठी माणसे हवीत म्हणून निघालेले हे कॉलेज. तिथे मोजणी, अंदाजपत्रक आणि नकाशे काढणे हे रोजचे पाठ होते. 1866 मध्ये ते तिथून बाहेर पडले आणि इंदूरला बांधकाम खात्याच्या कचेरीत लागले. काम अंदाजपत्रके करण्याचे आणि नकाशे काढण्याचे. एखाद्या इमारतीला किती वीट, किती चुना, किती दगड लागेल हे कागदावर मांडायचे आणि तिचा दर्शनी भाग मापात रेखाटायचा. आज आपण याला टेबलावरची नोकरी म्हणू.

इंदूरच्या गादीवर तेव्हा दुसरे तुकोजीराव होळकर होते. योगायोग असा की ते गादीवर आले तेही 1844 सालीच. दरबारात मराठी, दप्तर मोडीत, आणि राजाला पैशाचे गणित पक्के कळणारे. 1870 च्या सुमारास त्यांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्जाऊ दिले. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे आणि व्याज घ्यावे, ही गोष्ट आजही इंदूरची मंडळी मिश्यांना पीळ देऊन सांगतात. त्या पैशांतून विंध्याच्या घाटातला मार्ग झाला, बोगदे झाले आणि मोरटक्क्याला नर्मदेवर पूल झाला. 1876 मध्ये तो वापरात आला.

नेमक्या याच वर्षांत, 1874 च्या आसपास, कचेरीतल्या या तिशीच्या नकाशेवाल्याने कॅमेरा हातात घेतला. ज्या मुलखात डोंगर फोडून रूळ टाकले जात होते आणि नर्मदेत पुलाचे खांब उभे राहत होते, तिथेच त्यांनी फोटो काढायला सुरुवात केली. त्या पिढीला रेल्वेचा पूल म्हणजे काय वाटत असेल याची आपल्याला आता कल्पना करावी लागते. नर्मदा ओलांडायला नावाड्याची वाट पाहणे, पूर आला की आठ-आठ दिवस काठावर खोळंबणे, हे ज्यांनी पाहिले त्यांच्यासमोर लोखंडाच्या कैच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेल्या.

पुलांचे फोटो काढण्याची चाल आपल्याकडे त्याच्याही आधीची. पुणे-मुंबई मार्गावरचा बोरघाट बांधायला घेतला तेव्हा सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराला ते काम मिळाले. 1859 मध्ये तो भारतात आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल खचली नाही. हाताशी दोन अभियंते घेऊन तिने कंत्राट पुढे नेले आणि चालू कामाचे फोटोही काढले. घाट 1863 मध्ये सुरू झाला. त्यातला एक मोठा दगडी पूल पुढे चारच वर्षांनी, 1867 च्या पावसाळ्यात कोसळला. पूल गेला, त्याचे चित्र उरले. दीनदयाळांच्या बाबतीतही असेच काहीसे होणार होते, ते पुढे येईल.

इंदुरात त्यांना दोघांचा आधार मिळाला. एक स्वतः तुकोजीराव आणि दुसरे मध्य भारताचे एजंट सर हेन्री डेली, ज्यांच्या नावाचे डेली कॉलेज आजही इंदुरात आहे. 1875-76 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सचा हिंदुस्थानचा दौरा झाला, त्याचे फोटो दीनदयाळांनी टिपले. पुढे डेलींच्या जागी आलेल्या सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात आणि माळव्यात फिरले. ग्वाल्हेरचा किल्ला, ओरछा, दतिया, खजुराहो, सांची. त्यांतून 1886 मध्ये मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंवरचा मोठा ग्रंथ निघाला. मजकूर ग्रिफिन यांचा, फोटो दीनदयाळांचे. आज तो चाळताना लोक मजकूर सोडतात आणि फोटो पाहतात.

त्या फोटोंत एक गोष्ट लक्षात येते. खांब सरळ असतात. ऐकायला हे अगदी साधे वाटेल, पण आपण मोबाइल वर करून एखाद्या मंदिराचा फोटो काढतो तेव्हा शिखर मागे कलंडलेले दिसते की नाही? दीनदयाळांच्या फोटोंत तसे होत नाही. त्यांचा कॅमेरा नेहमी ओळंब्यात. उंची चौकटीत बसत नसेल तर कॅमेरा वर न करता ते भिंगाची पाटी वर सरकवत. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्यांत तशी सोय असे. नकाशा काढणाऱ्याचा हात होता तो. इमारतीचा दर्शनी नकाशा जसा मापात काढायचा तसाच तिचा फोटोही काढायचा, ही सवय त्यांना कचेरीने लावली.

कामाची रीत थोडी सांगतो, म्हणजे त्यातले कष्ट समजतील. फोटो कागदावर छापायचा तर काच आणि कागद एकमेकांना चिकटवून उन्हात ठेवत. मोठे करून छापण्याची सोय जवळपास नव्हतीच. म्हणजे मोठा फोटो हवा तर काचही तेवढीच मोठी, आणि काच मोठी म्हणून कॅमेरा पेटाऱ्याएवढा. सुरुवातीच्या काळात काचेवर ओले द्रावण ओतून ती वाळायच्या आत फोटो काढून धुवावी लागे, त्यामुळे अंधाऱ्या खोलीचा तंबूही बरोबर न्यावा लागे. 1880 च्या सुमारास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या आणि हा व्याप कमी झाला. कागदाला अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर देत, त्यावर चांदीचे क्षार, आणि शेवटी टिकाऊ रंगासाठी सोन्याचे द्रावण. आपल्या आजोबा-पणजोबांचा तो जुना तपकिरी फोटो घरात असेल तर त्यात अंडे, चांदी आणि सोने तिन्ही आहे. (तो फोटो कृपा करून भिंतीवर उन्हात लावू नका.)

त्या काचांना निळा रंग फार लवकर दिसे, तांबडा-पिवळा उशिरा. म्हणून जुन्या फोटोंत आकाश कोरे पांढरे, आणि विटा व माती काळपट. नदीचे वाहते पाणी दुधासारखे पसरलेले. चालणारी माणसे पुसली जात किंवा भुतासारखी अर्धवट उमटत. दगडी पुलाला मात्र हा सगळा खटाटोप मानवे. पूल हलत नाही. कमानींच्या पोटातली सावली, बाहेरचे ऊन, खाली उथळ पाणी आणि त्यात उतरलेली कमानीची दुसरी अर्धी. पात्र कोरडे असताना काठावर जरा तिरके उभे राहिले की कमानी एकामागून एक लहान होत दुसऱ्या काठाला टेकतात. मुसीने या कामासाठी जागा भरपूर दिली, कारण वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात उतरता येई.

हैदराबादशी त्यांचा संबंध आला 1884-85 च्या सुमाराला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1884 मध्येच कारभार हाती घेतला होता. वय अवघे सतरा. 1885 मध्ये दीनदयाळांना व्हाइसरॉयचे फोटोग्राफर म्हणून नेमणूक मिळाली, तेव्हा लॉर्ड डफरिन व्हाइसरॉय होते. दोन दरवाजे एकदम उघडले. खात्याची नोकरी सोडण्याचा निर्णय त्यांनी याच काळात घेतला. सरकारी नोकरी, वय चाळिशीचे, पदरी संसार. आपल्याकडच्या कुठल्याही घरात असा निर्णय झाला असता तर काय बोलणी झाली असती ते वेगळे सांगायला नको.

1886 मध्ये सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ निघाला. इंदूरहून इकडे यायचे म्हणजे त्या वेळी मोठा प्रवास. होळकरांच्या अरुंद रुळांवरून नर्मदेचा पूल ओलांडून खांडव्याला यायचे, तिथे गाडी बदलायची, भुसावळ, मनमाड, दौंड, सोलापूर करत वाडी जंक्शन, आणि तिथून निजामाच्या रेल्वेने सिकंदराबाद. वाडीची ही लाइन 1874 मध्ये सुरू झाली होती. काचांच्या पेट्या घेऊन हा प्रवास करणाऱ्याचा जीव प्रत्येक स्टेशनवर हमालाच्या डोक्यावरच असणार.

पुढची वीस वर्षे त्यांनी हैदराबाद जवळजवळ एकहाती काचेवर उतरवले. चारमिनार, मक्का मशीद, गोवळकोंडा, कोठीवरची रेसिडेन्सी, बशीरबाग, फलकनुमा, मुसी आणि तिच्यावरचे पूल. लष्कराच्या कवायती. नवाबांचे दिवाणखाने, त्यांतली झुंबरे आणि विलायती खुर्च्या. निजामाने त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला, स्वतः त्यांच्यावर एक शेरही रचला. व्हिक्टोरिया राणीकडूनही त्यांना राजमान्यता मिळाली. दोन मुलगे, ग्यानचंद आणि धरमचंद, हाताशी आले आणि पेढीचे नाव राजा दीनदयाळ अँड सन्स झाले. 1896 मध्ये मुंबईतही स्टुडिओ निघाला.

1892 मध्ये त्यांनी हैदराबादेत बायकांसाठी वेगळा, पडद्यातला स्टुडिओ काढला. उंच भिंतींचे आवार, आत सगळा कारभार बायकांचा, आणि मुख्य म्हणून एक इंग्रज बाई. धंद्याच्या दृष्टीने हुशारी होतीच. पण त्यामुळे ज्या बायकांचा चेहरा घराबाहेर कुणी कधी पाहिला नसता, त्यांचा फोटो निघाला. आपल्याही अनेक घरांत पणजोबांचा फोटो असतो, पणजीचा नसतो. हे आठवले की त्या स्टुडिओची किंमत कळते.

आता थोडे बोचणारेही सांगायला हवे. दीनदयाळांच्या हैदराबादेत धूळ नाही. रस्ते झाडलेले, हत्ती सजवलेले, नोकर ओळीत उभे. ज्याने पैसे दिले त्याला जसे दिसायचे होते तसे ते दाखवत, आणि याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही, त्यांचा व्यवसायच तो. पण 1899-1900 च्या दुष्काळात औरंगाबादेकडे काढलेले त्यांच्या पेढीचे फोटो पाहिले की हात थबकतो. तिथेही माणसे ओळीतच बसवलेली आहेत. सरकारच्या मदतकार्याची नोंद म्हणून काढलेले फोटो, त्यामुळे मांडणी नीटनेटकी, चौकट ओळंब्यात. फक्त या ओळीत बसलेल्यांच्या बरगड्या मोजता येतात. फलकनुमाच्या जेवणाच्या टेबलाला लावलेली तीच नजर, तीच काच. हे फोटो त्यांनी मन घट्ट करून काढले की कामातले काम म्हणून, ते चित्रावरून कळत नाही, आणि मला तरी ते दर वेळी निराळे वाटते.

ते आपल्याच मुलखातले लोक होते. त्याच वर्षांत मनमाड, औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी गोदावरी खोऱ्यातली रेल्वे तयार होत होती. 1901 पर्यंत ती सिकंदराबादला येऊन मिळाली. बासरजवळ ती गोदावरी ओलांडते. मराठवाड्यातून हैदराबादेत नोकरी-शिक्षणासाठी आलेली कितीतरी मराठी कुटुंबे याच मार्गाने आली. गाडी बासरच्या पुलावर आली की खिडकीतून नदीत पैसा टाकायचा, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल.

दीनदयाळांचे शेवटचे मोठे काम 1903 च्या दिल्ली दरबाराचे. त्याआधीच्या वर्षी लॉर्ड कर्झन हैदराबाद संस्थानात शिकारीला आले होते. मेलेल्या वाघामागे उभे असलेले कर्झन पतिपत्नी हा त्यांचा बहुधा सर्वांत जास्त छापला गेलेला फोटो. वरवर सगळे वैभवाचे चालले होते, पण फोटोग्राफीच बदलत होती. हातात मावणारा कॅमेरा बाजारात आला होता आणि नवाबांचे मुलगे स्वतःच बटण दाबू लागले होते. राजे-नवाबांचा मोठा स्टुडिओ चालवायला खर्च मोठा आणि गिऱ्हाईक मोजके. 1904 मध्ये धाकटा धरमचंद गेला. त्या धक्क्यानंतर वर्षभरातच, 5 जुलै 1905 रोजी, दीनदयाळ मुंबईत वारले. वय एकसष्ट.

तीन वर्षांनी, 28 सप्टेंबर 1908 ला, मुसीला पूर आला. त्या पुराच्या आठवणी जुन्या हैदराबादी घरांत अजून सांगितल्या जातात. हजारो माणसे वाहून गेली. अफझलगंजच्या बागेतल्या चिंचेच्या झाडावर दीडशे माणसांनी जीव वाचवला, ते झाड आजही इस्पितळाच्या आवारात आहे. अफझलगंजचा पूल, मुसल्लम जंगांचा पूल, चादरघाटचा पूल, तिन्ही पुराने मोडले. सगळ्यांत जुना, कुतुबशाहीतला 1578 चा पुरानापूल तेवढा तगला. पाणी ओसरल्यावर राजा दीनदयाळ अँड सन्सचा कॅमेरा पुन्हा मुसीकाठी आला. वडिलांनी ज्या काठांवर उभे राहून कमानी टिपल्या, तिथल्या चिखलाचे, पडक्या भिंतींचे आणि तुटक्या पुलांचे फोटो पेढीने काढले. आज नयापुलावरून जाताना आपण जे पाहतो ते त्यानंतर पुन्हा उभे केलेले आहे. पुरापूर्वीची मुसी कशी होती हे पाहायचे तर दीनदयाळांच्या काचांकडेच जावे लागते.

त्या काचांचेही दैव सांगण्यासारखे आहे. पेढी हळूहळू ओसरली. काच जड, जागा खाणारी, फुटणारी, आणि तिच्यावरची चांदी खरवडून काच पुन्हा विकता येई. देशभरातल्या कितीतरी जुन्या स्टुडिओंच्या काचा अशाच खिडक्यांना लागल्या. दीनदयाळांच्याही बऱ्याच गेल्या. पण घराण्यातल्या पुढच्या पिढ्यांनी, परिस्थिती उतरलेली असतानाही, हजारो काचा पेट्यांत घालून सांभाळल्या. दोन महायुद्धे झाली, पोलीस अॅक्शन झाली, संस्थान गेले, भाषावार राज्ये झाली, आणि त्या पेट्या घरात पडून राहिल्या. 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांतल्या 2,857 काचा विकत घेतल्या. 2006 मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

आपल्या मंडळाच्या सभासदांच्या घरांत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले जुने फोटो असतील. एकदा उलटून मागची बाजू पाहा. पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला किंवा पाठीवर स्टुडिओचे नाव छापलेले असते. तिथे दीनदयाळांचे नाव आणि सिकंदराबाद दिसले तर फोटो पुठ्ठ्यावरून सोडवायचा प्रयत्न करू नका, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आणि त्यातली माणसे कोण हे घरात ज्याला माहीत असेल त्याच्याकडून या महिन्यातच लिहून घ्या, पुठ्ठ्यावर नव्हे, वेगळ्या कागदावर, पेन्सिलीने.